कळलावीला झोपू द्या

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एका वाक्यासाठी: ‘कंद उकरला तर हातात नुसता लगदा आला, आणि मला रडू फुटलं.’ हे ज्यांना कळत नाही त्यांनी कधी वाट पाहून झाड लावलेलं नसतं. म्हणून आज सगळी जागा तुमच्याच पत्राला देते.

इतर वाचकांसाठी पत्रातली हकिगत थोडक्यात सांगते. ताईंचं घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. परसात एक कोपरा बारा महिने ओला असतो, कारण न्हाणीचं आणि विहिरीवरच्या दगडाचं पाणी तिकडे उतरतं. तिथे आपल्याच मातीतली, फुलणारी एखादी वेल हवी म्हणून गेल्या जूनमध्ये त्यांनी कळलावीचे चार कंद लावले. आधाराला जाडजूड बांबू रोवला. तीन कंद उगवले, पण वेली बांबूवर चढेनात, खालीच लोळत राहिल्या. ऑगस्टमध्ये एक फूल आलं आणि मग पानं पिवळी पडायला लागली. दिवाळीपर्यंत सगळं वाळलं. वेल परत फुटावी म्हणून त्या उन्हाळाभर रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालत राहिल्या. यंदा पहिल्या सरीनंतर उकरून पाहिलं, तर कंदांचा लगदा झालेला. सासूबाईंचं म्हणणं असं, की बरं झालं, कळलावी दारात लावू नये, घरात कळ लागते. घरात चार वर्षांचा नातू आहे. ताई विचारतात: चुकलं कुठे, पुन्हा लावू का, आणि नाहीतर त्या कोपऱ्यात दुसरं काय लावू?

ताई, आधी मूळ गोष्ट सांगते. तुमची वेल दिवाळीला मेली नव्हती, झोपली होती. तुम्ही तिला झोपेत पाणी पाजलंत.

कळलावी ही पावसाची वेल आहे. पाऊस लागला की जमिनीतून कोंब वर येतो, आषाढ-श्रावणात वेल चढते, फुलते, आश्विनात शेंगा पिकतात, आणि हवा कोरडी झाली की जमिनीवरचं सगळं वाळून जातं. जुना कंद तोवर आतून रिकामा झालेला असतो. वेलीने पावसाळाभरात जे कमावलं, ते तिने खाली एका नव्या कंदात भरून ठेवलेलं असतं. तो नवा कंद पुढच्या जूनपर्यंत काहीही करत नाही. त्याला पानं नसतात, जुनी मुळंही झडलेली असतात. मग तुम्ही घातलेलं पाणी पिणार कोण? ते कंदाभोवती तसंच राहतं, मातीतल्या पोकळ्यांतली हवा हुसकावून लावतं, आणि बिनहवेच्या ओल्या मातीत बुरशीला रान मोकळं मिळतं. आधी टोक मऊ पडतं, मग सालीखाली तपकिरी डाग धरतो, मग आंबूस वास, मग लगदा. हे तुमच्या निष्काळजीपणाने झालेलं नाही. उलट काळजी जास्त झाली. सह्याद्रीच्या उतारावर नोव्हेंबर ते मे तिला कुणी थेंबभर पाणी देत नाही, आणि जूनमध्ये ती तिथेच पुन्हा हजर असते.

पण उन्हाळ्यातलं पाणी हे एकच कारण नव्हे. भाद्रपदाच्या आत पानं पिवळी पडली, ही वेगळी गोष्ट आहे. आश्विन-कार्तिकात पिवळी पडणं हे तिचं वेळापत्रक. ऑगस्टमध्ये, एका फुलानंतर पिवळी पडणं म्हणजे मुळं गुदमरली. तुमचा कोपरा ‘ओला’ आहे असं तुम्ही लिहिता, पण माझ्या मते तो ओला नाही, तुंबलेला आहे. कळलावीला ओल फार आवडते. साचलेलं पाणी तिला अजिबात चालत नाही. मातीतून पाणी सतत जात राहावं, पण थांबू नये.

हे घरच्या घरी तपासता येतं. एक दिवस पावसाने उघडीप दिली की त्या कोपऱ्यात फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा काढा. कडेपर्यंत पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर जमीन निचऱ्याची. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसलं तर तिथे कळलावीसारखा कुठलाही कंद लावू नका. आपल्याकडे यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: वर वीतभर लाल माती आणि खाली सलग कातळ. जांभ्याची माती पाणी झटकन सोडते, पण खालच्या कातळात खोलगट भाग असेल तर तिथे परातीत साचावं तसं पाणी साचतं. वरून माती भुसभुशीत दिसते, आत मुळं पाण्यात उभी असतात.

मग कळलावी लावायची कुठे? रानात ती कुठे दिसते ते आठवा. करवंदीच्या जाळीत, कुंपणात, बांधावर, गडग्याच्या, म्हणजे दगड रचलेल्या कुंपणभिंतीच्या, सांदीत. या सगळ्या जागांत सारखं काय आहे ते बघा. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी दगडांतून खाली निघून जातं. मुळाशी पालापाचोळा आणि झुडपांची सावली, शेंड्याला ऊन. उभं राहायला बारीक काटक्या. या तीन गोष्टी तुम्ही परसात जमवल्यात तर कळलावी येणार नाही असं होत नाही.

तुमच्याकडे गडगा असेलच. त्याच्या आतल्या अंगाला, पूर्वेकडचं ऊन येतं तिथे, जांभ्याच्या चिऱ्यांचा फूट-दीड फूट उंच वाफा रचा. चिरे मातीने लिंपू नका. फटी तशाच राहू द्या, पाणी त्यातूनच जाणार. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी चार बोटं. वर लाल माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समसमान मिसळून भरा. शेणखत घालायचं तर जुनं, पूर्ण कुजलेलं, ओंजळभर. ताजं शेण कंदाजवळ नको. रासायनिक खताची मला गरज वाटत नाही. पालापाचोळा चांगला असेल तर वेल त्यावरच निभावते, आणि नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात.

आता कंदाबद्दल, कारण इथे खूप जण फसतात. कळलावीचा कंद बटाट्यासारखा नसतो. तो दोन बोटं फाकवल्यासारखा किंवा नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते याच आकारावरून. लांगल म्हणजे नांगर. बटाट्याला अंगभर डोळे असतात, हिला प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच. ते टोक मोडलं की तो फाटा गेला. बाकी कंद कितीही टणक आणि गुबगुबीत दिसो, तो उगवत नाही. मी पहिल्यांदा एका रोपवाटिकेतून पाच कंद आणले होते. पिशवीत कोंबून दिलेले. त्यातल्या तिघांची टोकं वाटेतच मोडली होती आणि मला ते कळलंही नाही. दीड महिना मी त्या तीन जागांवर वाकून वाकून पाहत होते. तेव्हापासून कंद घेताना टोक आधी बघते: फिकट, टवटवीत, किंचित फुगीर टोक असलं तरच घेते. तुमच्या चारातला जो एक उगवलाच नाही, त्याचंही हेच झालं असावं.

कंद ५०-६० ग्रॅमचा असला तर पहिल्याच पावसात फुलण्याची आशा. सुपारीएवढे लहान असतील तर एक-दोन वर्षं नुसती पानं येतील, कंद मोठा होईल, मग फूल. बियांपासूनही वेल होते, पण बी उगवायलाच महिने घेते आणि फुलायला तीन-चार वर्षं. हौस असेल तर बी जरूर पेरा, मात्र त्यावर अवलंबून राहू नका. आणि रानातून कंद उपटून आणू नका, एवढी कळकळीची विनंती. औषधासाठी कंद-बिया गोळा करणाऱ्यांनी कितीतरी जागा आधीच ओरबाडल्या आहेत. आपण रानातून आणायची ती नजर. वेल कुठे, कशाच्या आधाराने उभी आहे ते पाहून यायचं.

लावताना हातमोजे घाला. कंदाचा रस काहींच्या कातडीला झोंबतो. कंद आडवा ठेवा, दोन-तीन इंच मातीखाली, डोळा मोकळा राहील असा. दोन कंदांत फूटभर अंतर. फाटे सुटे करायचे असतील तर सांध्यातून हलक्या हाताने करा आणि जखम दोन दिवस सावलीत सुकू द्या. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतो. तो काचेच्या कांडीसारखा ठिसूळ असतो. कोंबडी, मांजर, निंदणाऱ्याचा हात, कशानेही मोडतो, आणि मोडला की त्या फाट्याचं त्या वर्षीचं फूल बहुधा गेलंच. म्हणून कंद लावला त्याच दिवशी शेजारी काडी रोवून खूण करा. आधारही तेव्हाच उभा करा. नंतर काठी खुपसायला गेलात तर ती नेमकी कंदात घुसते.

आधाराचं सांगते. तुमच्या बांबूचा दोष नव्हता, त्याच्या जाडीचा होता. कळलावी खोडाने विळखा घालत नाही. तिच्या पानांची टोकंच लांबत जाऊन बारीक शेपटीसारखी होतात, आणि ती शेपटी जे सापडेल त्याला गुंडाळते. एखाद्या सकाळी सुतळीजवळ आलेलं एक पान नीट निरखून ठेवा. टोक नुसतं किंचित वाकलेलं असेल. दुसऱ्या दिवशी ते सुतळीला टेकलेलं दिसेल. तिसऱ्या दिवशी त्याने दीड वेढा मारलेला असतो, आणि ओढून पाहिलंत तर पान फाटेल पण पकड सुटणार नाही. आता एवढीशी शेपटी मनगटाएवढ्या बांबूला कशी कवळणार? तिला पेन्सिलीहून बारीक काहीतरी लागतं. करवंदीच्या वाळक्या काटक्या, सुतळीचे ताणे, कोंबडीची जाळी, काहीही. मला स्वतःला काटक्या आवडतात, त्या दिसतच नाहीत. उंची सहा-सात फूट पुरते.

एवढं जमलं की पुढचं काम वेलीचं. तुम्ही एकच फूल पाहिलंय, म्हणून सांगते की पूर्ण बहरलेल्या वेलीवर काय दिसतं. कळी खाली मान घालून येते, हिरवी. उमलताना तिच्या सहा पाकळ्या खाली पसरत नाहीत, वर उलटतात. कडा कुरळ्या, आणि रंग रोज बदलतो. पहिल्या दिवशी हिरवट पिवळा, मग पिवळ्याचा शेंडा नारिंगी, मग नारिंगी खाली उतरत जातो, आणि आठवड्याच्या आत फूल लालभडक होतं. खालची फुलं आधी उमलतात, वरची नंतर. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी हिरव्या कळ्या, पिवळी फुलं, ज्वाळेच्या रंगाची फुलं आणि विझत आलेली किरमिजी फुलं असतात. अग्निशिखा हे नाव ज्याने दिलं त्याने ही वेल पावसाळी अंधारून आलेल्या दुपारी पाहिली असणार.

आणखी एक गोष्ट जवळ जाऊन बघा. पुंकेसर सहा बाजूंना आडवे पसरलेले असतात, आणि मधली कुक्षीची दांडी बुडापासूनच काटकोनात वळून फुलाबाहेर निघते, फुलाशी भांडल्यासारखी. ती आपल्याच पुंकेसरांपासून जेवढं दूर जाता येईल तेवढं जाते. फुलपाखरू मधासाठी फडफडत येतं तेव्हा त्याचे पंख या आडव्या पुंकेसरांना घासतात, आणि पुढच्या फुलावर तेच पंख त्या बाहेर काढलेल्या कुक्षीला. परसात फुलपाखरं कमी असतील तर शेंगा धरत नाहीत. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, तिथे शेतकरी सकाळी हाताने परागीकरण करतात. तुम्हाला बी नको असेल तर त्याची गरज नाही.

त्रास एकाच किड्याचा होतो. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेल्या अळ्या अचानक दिसतात, आणि दोन रात्रींत वेलीचा सांगाडा करतात. लिलीवर येणाऱ्या पतंगाच्याच या अळ्या. परसात गडंबी किंवा लिली असेल तर आधी तिच्यावर शोधा. हातमोजे घालून वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. पाच-सहा वेलींसाठी फवारणीचा विचारही करू नका, तुमच्या फुलपाखरांचा त्यात जीव जाईल. पानांवर तपकिरी डाग पडले तर ती पानं काढून दूर टाका आणि वेली जरा विरळ करा, हवा खेळली की थांबतं.

आता झोपेचं. ऑक्टोबरच्या शेवटी पानं पिवळी पडायला लागली की पाणी बंद. वेल हिरवी असताना कापू नका, ती अजून कंद भरत असते. पूर्ण वाळली की जमिनीलगत कापा. मग दोन वाटा आहेत. वाफा खरोखर कोरडा राहणार असेल तर कंद तिथेच असू द्या, वर वाळका पाला आणि एखादी फरशी. किंवा हलक्या हाताने उकरा, माती झटका, धुऊ नका, सावलीत आठवडाभर सुकवा आणि कोरड्या वाळूत किंवा राखेत ठेवा. दुसरी वाट घेणार असाल तर पुढचं वाचल्याशिवाय घेऊ नका.

कळलावी विषारी आहे. हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही, पण हातचं राखूनही लिहिणार नाही. पान, फूल, बी, सगळ्यांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, आणि कंद तर फारच घातक. हेच द्रव्य अगदी मोजून दिलं की गाऊट या सांधेदुखीवरचं औषध होतं, म्हणून तर तिची शेती होते. पण कंदाचा लहानसा तुकडाही माणसाचा जीव घेऊ शकतो. आपल्या भागातली खरी भीती वेगळीच आहे. कणगर, करांदे, रताळी आपण जमिनीतून काढून उकडून खातो. उकरलेला कळलावीचा कंद त्यांच्या शेजारी, मागच्या पडवीत टोपलीत पडला, तर ओळखणार कोण? कंद रताळं समजून खाल्ल्यामुळे माणसं मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून कंद स्वयंपाकघरात, पडवीत, बियाण्याच्या कांद्यांजवळ कधीही ठेवायचे नाहीत. झाकणाला भोकं पाडलेला डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष, कळलावी’, आणि कुलपात.

कधी कुणाच्या तोंडात गेलंच, तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका. पहिले काही तास माणूस ठीक दिसू शकतो, मग उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि आतले अवयव निकामी होणं त्यानंतरचं. घरगुती उपाय नकोत, उलटी काढायचा प्रयत्न नको. वेलीचा तुकडा पिशवीत घालून थेट रुग्णालयात जा आणि कळलावी खाल्ली हे स्पष्ट सांगा. नेहमी सहज मिळेल असा उतारा यावर नाही. वेळेत पोचणं हाच उपाय.

आणि तुमचा नातू चार वर्षांचा आहे. इतकं लालभडक फूल त्याच्या हाताच्या उंचीवर डुलत असेल तर तो ते तोडणार. शेंग तडकली की आत केशरी-लाल बियांची रांग दिसते, ती तर मुलांना गोळ्यांसारखीच वाटते. तुमच्या परसात तो एकटा खेळत असेल, तर माझं मत सरळ आहे: अजून दोन-तीन वर्षं कळलावी लावू नका. त्याला ‘हे बघायचं, हात लावायचा नाही’ हे कळू लागलं की लावा. वेल तोवर कुठे जात नाही. परसाला दार असेल आणि ते कडी लावून बंद राहत असेल, तरच यंदा लावा. तेव्हाही शेंगा हिरव्या असतानाच खुडून टाका, आणि कंद बाहेर न काढता वाफ्यातच झोपू द्या. घरात शेळ्या-गुरं असतील तर त्यांनाही तिथे पोचता येऊ नये.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी हसणार नाही. ‘कळ’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. एक वेदना, दुसरा भांडण. या वेलीच्या नावात पहिला आहे. जुन्या काळी सुइणी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावत, म्हणून ती कळलावी. त्यातही बायका दगावल्या असणार, ते कुणी करू नये. पुढे कळ लावणारी म्हणजे भांडण लावणारी, असा दुसरा अर्थ तिला चिकटला, आणि दारात लावू नये ही समजूत आली. माझा अंदाज असा, की जाणत्या बायकांनी विषाची वेल लेकरांपासून लांब ठेवायला भांडणाचा धाक घातला असेल. तो धाक कामाचा होता. सासूबाईंना एवढंच आठवण करून द्या, की भाद्रपदात गौरीसाठी तेरड्याबरोबर हीच फुलं कोकणातल्या कितीतरी घरांत मानाने येतात. तमिळनाडूने तर तिला राज्यफूल केलंय. त्यांना ‘भांडण लागतं’ याऐवजी ‘विषारी आहे’ हे कारण द्या आणि जागा त्यांनाच ठरवू द्या. माझी खात्री आहे, नातवापासून सुरक्षित जागा त्या तुमच्याआधी शोधतील.

राहिला तो ओला कोपरा. न्हाणीचं पाणी तिथे येतंय तोवर साबणाची माती कुठल्याच नाजूक वेलीला मानवणार नाही. त्या पाण्याला आधी वाट करून द्या. आपल्या आज्या न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायच्या, ते अगदी योग्य होतं. दोन्ही झाडं भरमसाट पाणी पितात. कोपऱ्याच्या सर्वांत खोल भागात तीच लावा. त्याच्या कडेला, जिथे ओल असते पण पाणी उभं राहत नाही, तिथे फूटभर उंच मातीचा ढिगारा करून माधवीलता लावा.

माधवीलता आपल्या जंगलांतली, ओढ्याकाठी मोठ्या झाडांवर चढणारी दांडगी वेल. थंडी संपता संपता फुलते. पांढऱ्या-गुलाबी झालरीच्या पाच पाकळ्या, त्यातल्या एकीवर पिवळी छटा, आणि वास असा की परसाचं दार उघडल्याबरोबर कळतं. फळाला तीन पंख असतात आणि ते भिंगरीसारखं गिरक्या घेत खाली येतं. नातवाला खेळायला ते द्या. घेताना मात्र नीट पाहा. रोपवाटिकांत मधुमालती आणि माधवीलता या नावांची सर्रास गल्लत होते. संध्याकाळी पांढरी उमलून नंतर गुलाबी-लाल होणारी, लांब नळीच्या फुलांचे घोस असलेली वेल म्हणजे मधुमालती. सुंदर तीही आहे, पण तुम्हाला हवी ती ही नव्हे. झालरीची पाकळी आणि पिवळा डाग दिसल्याशिवाय, किंवा पंखांचं फळ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिला सुतळी-काटक्या चालणार नाहीत. पाच-सहा वर्षांत तिचं खोड मनगटाएवढं होतं. भक्कम मांडव किंवा एखादं जुनं झाड हवं, आणि दर वर्षी बहर सरला की निष्ठुरपणे छाटणी. न छाटता सोडली तर ती आधाराचं झाडही झाकून टाकते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. तुमचा तो रोज संध्याकाळचा तांब्या इथे उपयोगी पडेल.

यंदाचं वेळापत्रक असं. माधवीलता आत्ताच, पावसाची रिपरिप सुरू असताना लावा. कळलावीचं तुम्ही आणि सासूबाई मिळून ठरवा. लावायचीच ठरली तर जुलैच्या मध्यापर्यंत वेळ आहे. त्यानंतर लावलेला कंद उगवतो, पण फुलायच्या आत पाऊस संपतो आणि त्याच्यात पुढच्या वर्षासाठी पुरेसं काही साठत नाही. नाही ठरली तर जुनी जागा उकरून ते कुजलेले कंद आणि त्यांच्याभोवतीची टोपलीभर माती लांब नेऊन पुरा. ती जागा उन्हाळ्यात तापू द्या. बुरशी त्या मातीत असणार, आणि तिथे दोन वर्षं कळलावीसारखा कुठलाही कंद नको.

खड्ड्यातलं पाणी किती तासांत उतरलं ते मला कळवा. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर ढिगारा एक फुटाऐवजी दोन फूट करा.

तुमची,
बागेची ताई